दारावरची पाटी आणि आतली शाळा

बीदर म्हटले की आपल्या गोव्यातल्या माणसाला बहुधा दोनच गोष्टी आठवतात. एक, काळ्या धातूवर चांदीची नक्षी बसवलेली बिदरीची भांडी. दुसरी, कीर्तनात ऐकलेली दामाजीपंतांची गोष्ट. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे रयतेला खुली केली म्हणून बीदरच्या बादशहाने दामाजीला बोलावणे धाडले, आणि विठोबा विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन धान्याचे मोल भरून आला. तिसरी गोष्ट आपल्या घरची असूनही फारशी कोणाला ठाऊक नसते. १४७२ साली विजयनगरच्या हातून गोवा घेऊन तो बहमनी राज्याला जोडला तो बीदरच्या वजिराने, महमूद गावानने. आणि त्याच सुमारास बीदर शहरात त्याचा मदरसा उभा राहिला.

हा गावान मूळचा इराणातल्या गीलानचा. व्यापारी म्हणून समुद्रमार्गे दख्खनला आला आणि चढत चढत वजीर झाला. बहमनी दरबारात तेव्हा सरळ दोन तट होते. इथे पिढ्यानपिढ्या राहिलेले ते दख्खनी, आणि इराण-मध्य आशियातून आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. गावान स्वतः आफाकी, पण सरदारक्या वाटताना तो दोन्ही गटांचा हिशेब जमवून पाहायचा. इतके दख्खनी, इतके आफाकी. तराजू सरळ ठेवण्याचा त्याचा प्रयत्न होता. शेवटी त्याच्याच नावाने एक बनावट पत्र तयार झाले, सुलतानाला दाखवले गेले, आणि १४८१ साली त्याचे डोके उडाले. त्याचा मदरसा मात्र पुढेही चालला. औरंगजेबाच्या काळात १६९६ साली स्फोट होऊन त्याचा मोठा भाग कोसळला. उरलेला एक मिनार आणि त्यावरची निळी-हिरवी कौले आजही पाहायला मिळतात.

म्हणजे बीदरच्या सर्वांत प्रसिद्ध शाळेचा संस्थापक हा एक उपरा होता, आणि तो 'आपला की बाहेरचा' या मोजणीतच संपला. ही मोजणी त्या मुलखात त्यानंतर कधी थांबलीच नाही. मापे बदलली, मोजणारे बदलले. विसाव्या शतकात तर ती थेट शाळेच्या वर्गात येऊन बसली. त्या वर्गाबद्दल आज लिहायचे आहे.

निमित्त असे की अलीकडे शिक्षणाच्या क्षेत्रात एका नव्या मोजणीची चर्चा असते. मुलाला किती गुण पडले एवढेच नव्हे, तर त्याला शाळा आपली वाटते का, हेही मोजायचे. कॅरोल गुडनाऊ या अमेरिकन अभ्यासिकेने १९९३ साली त्यासाठी अठरा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. २००० सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांची जी 'पिसा' नावाची जागतिक चाचणी होते, तिच्यातही असे प्रश्न असतात. शाळेत परक्यासारखे वाटते का, मित्र सहज होतात का, एकटे वाटते का, वगैरे. सहमत, असहमत अशा रकान्यांत खूण करायची. मग स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा आकडा काढून तो स्थानिक मुलांच्या आकड्याशी ताडून पाहायचा. २००९ च्या फेरीत भारतातून हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू ही दोनच राज्ये उतरली. निकाल फार खाली लागला आणि नंतरच्या फेऱ्यांपासून आपला देश दूर राहिला. तेव्हा बीदरच्या मुलाला पिसाने काही विचारलेले नाही.

पण विचारले असते तर? पिसाच्या व्याख्येप्रमाणे स्थलांतरित मूल म्हणजे ज्याचे आई आणि वडील दोघेही परदेशात जन्मले ते. औराद तालुक्यातल्या एखाद्या मराठी घरातले मूल या व्याख्येत बसत नाही. त्याचा आजा तिथलाच, पणजाही तिथलाच. तो कुठे गेला नाही, कुठून आला नाही. राज्यच त्याच्या पायाखालून सरकले. असे मूल स्थलांतरितांत मोजायचे की स्थानिकांत, याचे उत्तर त्या कागदावर नाही. मग ज्या मुलाला कागदावर जागाच नाही, त्याला शाळेत जागा आहे की नाही हे तो कागद काय सांगणार?

हा पेच नीट कळायला थोडे मागे, निजामाच्या राज्यात जावे लागते.

बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) हे दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातले जिल्हे. प्रजा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी. १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू राजभाषा झाली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उघडले ते उर्दू माध्यमाचे. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक व्हायला हवे, आणि झालेही. पण ज्यांच्या घरात ती भाषा नव्हती त्यांच्या दृष्टीने ती इंग्रजीइतकीच दूरची. गावच्या शाळेत सुरुवातीला मराठी किंवा कन्नड चाले. वर चढावे तसतशी उर्दू. संस्थानात खाजगी शाळा चालवणे सोपे नव्हते, सरकारची नजर असे. तरी १९०७ साली हैदराबादेत विवेक वर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले, आणि मराठी मुलांना एक ओसरी मिळाली.

मराठी वाचकाला ही बाजू थोडीफार माहीत असते. माहीत नसते ती शेजारच्या ओसरीची. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू हे शंभरी ओलांडून १९९९ साली गेले. निजामाच्या काळात त्यांनी मुलांना कन्नड शिकवायला शाळा काढली. कन्नड शाळा म्हणून ती चालू देतील याची खात्री नव्हती. तेव्हा त्यांनी दारावर उर्दूची पाटी लावली आणि आत कन्नड शिकवले. बीदरकडचे लोक ही हकीकत अजून अभिमानाने सांगतात, आणि त्यात मराठी घरातलेही असतात. कारण भालकी, औराद, बसवकल्याण या भागात कन्नड घरातला जुना माणूस मराठी वाचतो, लिहितो, पोथी मराठीतून लावतो, हे नवल नव्हते. गाणगापूर गुलबर्गा जिल्ह्यात, आणि तिथल्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र ज्या ग्रंथात आहे तो गुरुचरित्र मराठीत. तोही लिहिला सरस्वती गंगाधराने, ज्याची घरची भाषा मराठी नव्हती आणि ज्याने तसे ग्रंथातच सांगून ठेवले आहे. हुमनाबादचे माणिकप्रभू (१८१७-१८६५) यांची पदे मराठीत, कन्नडात आणि हिंदुस्थानीत आहेत. अशा मुलखात 'तुझी भाषा कोणती' हा प्रश्नच जरा अडाणी वाटतो.

पण भालकीची ती पाटी डोळ्यांपुढे ठेवा. समजा त्या काळी एखादा इन्स्पेक्टर शाळा मोजत आला असता. त्याने दारावरची पाटी वाचून उर्दू शाळांत एकाची भर घातली असती. वरून मुलांना विचारले असते की ही शाळा तुम्हाला आपली वाटते का, तर मुलांनी एका सुरात हो म्हटले असते. मग त्याने निष्कर्ष काढला असता की कन्नड मुले उर्दू शाळेत अगदी रमली आहेत! आकडा खरा, मुलांचे उत्तर खरे, आणि निष्कर्ष साफ उलटा.

आपल्याला हे कळायला जड नाही. पोर्तुगीज अमदानीत सरकार-दरबारी मान होता तो प्रिमैर ग्रावला आणि लिसेवला. गावातल्या देवळाच्या अग्रशाळेत किंवा कोणाच्या सोप्यावर मराठी मास्तर बाराखडी घोकून घेत, ते शिक्षण नोकरीच्या अर्जावर लिहायच्या कामाचे नव्हते. तरीही मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या तेव्हा त्या मुळात शून्यातून उघडल्या नाहीत, सोप्यावरच्या त्या मोजदादीबाहेरच्या शाळांचे पाणी त्यांच्या मुळाशी होते.

असो. निजामाच्या राज्यात शाळेइतकाच महत्त्वाचा दुसरा दाखला होता तो मुलकीचा. सरकारी नोकरी मुलकी माणसाला, म्हणजे मुलखातल्याला. १९१९ च्या नियमांनुसार मुलकी ठरायला संस्थानात जन्म हवा, नाहीतर पंधरा वर्षांचा रहिवास आणि परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र. पंधरा हा आकडा गोंयकाराला नवा नाही, आपल्या सरकारी नोकरीच्या जाहिरातीत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आपण नेहमी वाचतो. गावानच्या काळचे दख्खनी आणि आफाकी आता मुलकी आणि गैरमुलकी झाले होते. १९५२ साली याच प्रश्नावर हैदराबादेत मोठे आंदोलनही झाले.

मधल्या १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आले. रझाकारांच्या जाचातून सुटका झाली हे खरेच. पण त्या दिवसांचा हिशेब एका रकान्यात मावत नाही. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी सांगितली त्यात बीदर आणि गुलबर्गा दोन्ही होते. मार खाणारे बहुतेक मुसलमान होते. कालपर्यंत ज्याची भाषा दरबाराची होती त्या घरातले मूल एका मोसमात परके झाले. शाळा तीच, बाक तोच. फक्त कोण घरचा आणि कोण पाहुणा हे उलटले.

मग आले भाषावार प्रांत. फाजल अली आयोगाने १९५५ साली अहवाल दिला तेव्हा बीदर हा त्याच्या डोक्याला तापच होता. १९५१ च्या शिरगणतीत जिल्ह्यात सर्वांत मोठा गट मराठी भाषकांचा, पण तो निम्म्याहून कमी. त्याखालोखाल कन्नड, मग तेलुगू आणि उर्दू. आयोगाने सुचवले की सबंध बीदर जिल्हा उरलेल्या हैदराबाद राज्यात, म्हणजे तेलंगणासोबत ठेवावा. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ ला झाले वेगळेच. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्रात गेला. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. गुलबर्ग्याचे कोडंगल आणि तांडूर आंध्राकडे. एका रात्रीत एका जिल्ह्याची तीन राज्ये झाली. उदगीरचा मामा आणि भालकीचा भाचा वेगवेगळ्या क्रमिक पुस्तकांतून इतिहास शिकू लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोजायचे एकक बदलले की उत्तर बदलते. जिल्हा हे एकक धरले तर बीदरमध्ये कोणाचेच बहुमत नाही. तालुका धरला तर एक चित्र, गाव धरले तर दुसरे. महाराष्ट्राने सीमावादात पुढे जी भूमिका घेतली तिच्यात खेडे हा घटक हा पहिला मुद्दा होता. त्यासोबत भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा निवाडा महाराष्ट्राने मानला नाही, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो ८६५ गावांचा. त्यात बेळगाव, कारवार, सुपे, हल्याळ यांची नावे आपल्या जास्त परिचयाची. बीदर आणि गुलबर्ग्यातली गावेही त्याच यादीत आहेत, पण त्यांच्याविषयी मोर्चा निघालेला फारसा ऐकू येत नाही. बेळगावची हाक मोठी, बीदरचा आवाज बारीक.

दाव्याचे काय व्हायचे ते होईल. तोवर मूल शाळेत जातेच. त्याच्यासाठी वेगळे माप होते, आणि ते माप करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की शाळेत एखाद्या मातृभाषेची चाळीस मुले असली, किंवा एका वर्गात दहा असली, तर त्यांना त्या भाषेतून शिकवायला शिक्षक द्यायचा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. ३५० ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला गेला, तो दरवर्षी अहवाल देऊ लागला. माध्यमिकसाठी पुढे वरच्या चार वर्गांत मिळून साठ आणि एका वर्गात पंधरा असे माप आले. शाळा सुरू होण्याआधी पालकांचे अर्ज नोंदवून घ्यायची वहीही ठरली.

दहा म्हणजे शिक्षक. नऊ म्हणजे नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते हे मान्य. पण छोट्या वस्तीवरचे मूल या रेघेच्या कुठल्या बाजूला पडेल ते त्याच्या भाषेवर नव्हे, त्या वर्षी शेजारच्या घरात पाळणा हलला होता का यावर ठरते. शिवाय ज्या पालकाला आपला हक्क माहीत नाही तो अर्जाच्या वहीत येत नाही. जो वहीत नाही त्याची गरज नाही, असा कागदाचा न्याय.

तरी कर्नाटकाला श्रेय द्यायलाच हवे. त्या राज्यात सरकारी पाठ्यपुस्तके सात माध्यमांत छापली जातात आणि त्यातले एक मराठी. सीमेच्या या बाजूला मराठी शाळा बंद झाल्या असे चित्र कोणी रंगवत असेल तर ते खोटे. अडचण वेगळीच आहे. पुस्तक मराठीत असते, पण अभ्यासक्रम कर्नाटकचा. दहावीपर्यंत मराठीतून आलेला मुलगा पुढे कन्नड किंवा इंग्रजीत जातो. नाहीतर सीमा ओलांडून उदगीर-लातूरकडे. तिकडे गेला की तो कर्नाटकातला.

आता तो शाळा आपली वाटण्याचा प्रश्न या मुलाला विचारून पाहू. वस्तीवरच्या मराठी शाळेत एका वर्गात दहा-बारा मुले. निम्मी एकमेकांची चुलत-मावस भावंडे. 'तुझे मित्र सहज होतात का?' या प्रश्नाला ते मूल काय सांगणार? मित्र करावे लागतच नाहीत, ते जन्मतः मिळाले आहेत. एकटे वाटते का? मुळीच नाही. म्हणजे त्याचा आकडा चढा. तेच मूल तालुक्याच्या कन्नड शाळेत गेले तर वर्ष-दोन वर्षे अडखळेल, चिडवले जाईल, आकडा पडेल. पण तिथे त्याला ती भाषा मिळेल जिच्यावाचून त्याला त्याच्या राज्यात नोकरी नाही. मग चढा आकडा चांगला की पडका? मी मराठी शाळेच्या बाजूचा आहे, तरी मला हा प्रश्न झटकता येत नाही.

अभ्यासक या गोष्टीकडे हल्ली लक्ष देऊ लागले आहेत, हे बरे झाले. त्यांचे म्हणणे सोपे करून सांगायचे तर असे. दोन मुलांच्या मनात शाळेविषयी सारखाच जिव्हाळा आहे, पण एका विधानावर एक मूल 'हो' म्हणते आणि दुसरे 'नाही', आणि ते केवळ त्यांच्या घरच्या भाषेमुळे किंवा रीतीमुळे, तर त्या विधानाचे वजन खोटे आहे. असे खोटे वजन घालून दोन गटांची सरासरी काढली तर जो फरक दिसेल तो मुलांतला नसून तागडीतला असेल. म्हणून तुलना करण्याआधी तागडी तपासायची. बाजारात मापाखाली चिंच चिकटवलेली असते ना, तसलाच प्रकार. फक्त इथे चिकटवणाऱ्यालाही ते माहीत नसते.

भाषेचे उदाहरण घेतो. इंग्रजीतल्या 'आमची' शाळेचे मराठी करताना भाषांतरकार दोन शब्दांपुढे उभा राहतो, आमची आणि आपली. आमची म्हटले की समोरचा बाहेर राहिला. आपली म्हटले की तो आत आला. कन्नडात आज दोन्हीला मिळून एकच शब्द, नम्म. आता बीदरच्या मुलांना विचारा. कन्नड मुलाला एकच दरवाजा दिसतो. मराठी मुलाला दोन दिसतात, आणि कुठल्या दरवाजाने शिरायचे हे प्रश्न विचारणारा कोण आहे त्यावर ठरते. बेंगळुरूहून आलेल्या साहेबाला तो 'आमची शाळा' म्हणेल आणि त्यात अभिमान असेल. 'आपली शाळा' असे छापलेल्या विधानावर तो कदाचित पेन्सील थांबवील. त्याला शाळा परकी वाटते असे नव्हे. साहेबाला आत घ्यायचे की नाही, हे त्याचे ठरलेले नाही एवढेच.

'परका' या शब्दाचेही तसेच. परका लिहायचे की उपरा की बाहेरचा? लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आल्यापासून त्या शब्दाला मराठीत एक जातीची किनार लागली आहे. कन्नडातला 'होरगिनवरु' नुसता बाहेरचा. ज्या मुलाला पाण्याच्या मडक्यापासून दूर बसवले जाते त्याला शाळेत परके वाटते ते भाषेमुळे नव्हे. पण रकान्यात त्याचे उत्तर 'मराठी भाषक, परके वाटते: सहमत' असेच पडणार, आणि दोष जाणार माध्यमाला. माझ्या मते अशा मोजण्यांतला सर्वांत मोठा अन्याय हा आहे. एका दुखण्याची नोंद दुसऱ्याच दुखण्याच्या नावावर होते.

सगळ्यांत बिकट प्रकार लंबाण्यांचा. कलबुर्गी-बीदरकडे लंबाणी तांडे गावागणिक. घरात गोरबोली. शिरगणतीत लमाणी-लंबाडी ही भाषा हिंदीच्या पोटात धरली जाते, २०११ च्या गणनेतही तशीच धरली आहे. म्हणजे तांड्यावरची जी आजी हिंदीचे एक वाक्य धड बोलत नाही, ती कागदावर हिंदी भाषक. तिचा नातू कन्नड शाळेत, औरादकडे असला तर कदाचित मराठी शाळेतही. चाळीस आणि दहाच्या मापात त्याची भाषा बसवायला शिक्षक नाही, पुस्तक नाही, लिपीही उसनी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटक सरकारच्या माध्यमधोरणाविरुद्ध निकाल देताना म्हटले की मुलाची मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवायचे, सरकारने नव्हे. निकालाचा फायदा प्रामुख्याने इंग्रजी शाळांना झाला हे खरे असले तरी तेवढे वाक्य लंबाणी आजीच्या बाजूचे आहे. तिला विचारायला कोणी गेले तर!

आणि मुलकीचा दाखला? तो नव्या नावाने परत आला. २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१ ज हे कलम आले. हैदराबाद-कर्नाटकातल्या (२०१९ पासून कल्याण कर्नाटक) जिल्ह्यांना शिक्षणात आणि नोकरीत स्थानिकांसाठी राखीव जागा मिळाल्या. मागास भागाला हे मिळायलाच हवे होते, त्याविषयी वाद नाही. गंमत फक्त मापाची. तिकडे तुंगभद्रेकाठचा बळ्ळारीचा मुलगा बीदरमध्ये स्थानिक आहे, कारण बळ्ळारी या यादीत आहे. उदगीरचा मुलगा स्थानिक नाही, जरी १९५६ पर्यंत उदगीर हा बीदर जिल्ह्याचाच तालुका होता. बळ्ळारी तर निजामाच्या राज्यात नव्हतीच शेवटी, ती मद्रास इलाख्यातली.

हे सगळे गोव्यात बसून का लिहायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या गावच्या सरकारी मराठी शाळेत आहे. १९९० च्या धोरणाने प्राथमिक शाळांना अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठेवले होते. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही ते मिळू लागले आणि गावातली मुले तिकडे ओसरली. मराठी शाळेच्या बाकांवर आज जी मुले दिसतात त्यांत उत्तर कर्नाटकातून आलेल्या बांधकाम मजुरांची मुले पुष्कळ. कलबुर्गीकडचीही. घरात कन्नड किंवा गोरबोली, वाड्यावर कोंकणी, वर्गात मराठी. त्यांना विचारा, शाळेत परके वाटते का? नाही म्हणतील. का वाटावे? वर्गात सगळी त्यांच्यासारखीच आहेत. हा आकडा दिल्लीला गेला तर गोव्याने स्थलांतरित मुलांना किती सुंदर सामावून घेतले, असा अहवाल लिहिता येईल. शाळेच्या फाटकाबाहेर त्याच मुलाला 'भायलो' म्हणणारे आपणच असतो, आणि आपली मुले दुसऱ्या शाळेत असतात, हे त्या आकड्यात कुठे येणार?

यू-डायस नावाच्या सरकारी नोंदीत दर मुलामागे मातृभाषेचा रकाना असतो. एकच रकाना. जून महिन्यात दाखल्याच्या गर्दीत मास्तर विचारतात, घरात काय बोलता रे? आई कपाळावरचा पदर सावरत आधी कन्नड म्हणते, मग थांबून लंबाणी म्हणते, आणि मास्तरांचे तोंड पाहून शेवटी म्हणते, मराठी लिहा.